भटके मांजर दत्तक देणे आहे

प्रति,
दत्तक घेण्यास उत्सुक असलेले महाराष्ट्रातील सर्व जिल्हे

विषय : यवतमाळ जिल्ह्यातील भटक्या मांजरास कायमचे घर मिळण्याबाबत, मागील स्थळांच्या तपशिलासह.

महोदय,

सदर मांजर नर असून वयाने दोन-अडीच वर्षांचे आहे. रंग पिवळा, पट्टे काळे, वजन दीड क्विंटलच्या वर. दूध पीत नाही, उंदराकडे ढुंकून पाहत नाही. चितळ, नीलगाय, रानडुक्कर चालते; गोऱ्हा समोर आला तर तोही चालतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत नाव असल्याने मांडीवर घेता येत नाही, ही एकच अडचण.

जन्मस्थान टिपेश्वर अभयारण्य, पांढरकवड्याजवळ. १९९७ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर आहे. वाघिणी तेथे नेमाने पिल्ले वाढवतात. लेकी बहुधा आईच्या शेजारी हद्द मागून घेतात. लेकांना मात्र बाहेरची वाट धरावी लागते, कारण बापाच्या हद्दीत दुसऱ्या नराला जागा नसते. हद्द संपते तिथे जंगलही संपते आणि पऱ्हाटी-तुरीची वावरे सुरू होतात. म्हणजे जिल्ह्याचे उत्पादन चांगले आहे, गोदाम तेवढे अपुरे आहे.

या मांजराच्या जातभाईंसाठी आजवर पाहिलेल्या स्थळांचा तपशील पुढीलप्रमाणे.

पहिले स्थळ माणसांनी ठरवलेले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यात अवनी वाघीण गोळीने मारली गेली. तिचे मादी पिल्लू डिसेंबरमध्ये पकडून पेंच व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आले. तेथे कुंपणात दोन वर्षांहून अधिक काळ शिकारीचे शिक्षण झाले. मार्च २०२१ मध्ये तिला मोकळे सोडले आणि काही दिवसांतच तेथील वाघिणीशी झुंज होऊन ती मरण पावली. घर उत्तम होते. फक्त त्यात आधीच कोणी राहत होते.

दुसरे स्थळ मांजराने स्वतः शोधलेले. टी-१ सी-१ या नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवली गेली. जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडले. आदिलाबाद, पुसद, इसापूर, हिंगोली असा सुमारे १,३०० किलोमीटरचा फेरा करून डिसेंबरमध्ये तो बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. दिवसा नाल्यात किंवा पिकात दडायचे आणि रात्री धुऱ्याधुऱ्याने चालायचे, हा त्याचा क्रम. वाटेत हिंगोली जिल्ह्यात तो दडलेल्या झुडपापर्यंत लोक गेले, तेव्हा एक जण किरकोळ जखमी झाला. दर्शनाचे एवढे शुल्क रास्तच म्हणावे. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली, तोवर त्याची चाल ३,००० किलोमीटरच्या पुढे गेली होती. जगाने कौतुकाने त्याला ‘वॉकर’ म्हटले. ज्ञानगंगेत २०५ चौरस किलोमीटर जागा होती, नीलगायी होत्या, रानडुकरे होती, वाघीण नव्हती. ती आणून द्यावी की नाही यावर चर्चा भरपूर झाली. वाघीण आली नाही.

तिसरे स्थळ गौताळा औट्रम घाट अभयारण्य. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच एक नर शेकडो किलोमीटर चालून तेथे पोहोचला. कित्येक दशकांनी वाघ दिसला म्हणून आनंद झाला. येथेही सोबतीण नव्हतीच.

चौथे स्थळ धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्य, क्षेत्र अवघे २२ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०२४ मध्ये कॅमेऱ्यात टिपलेला नर टिपेश्वरचा निघाला. त्याला बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवायचे ठरले. पथके आठवडेच्या आठवडे फिरली. स्थलांतराचा हा प्रस्ताव मांजरापर्यंत काही पोहोचला नाही.

या नोंदींवरून दत्तकाच्या अटी ठरतात. पहिली, घर रिकामे असावे आणि त्यात सोबतीण असावी किंवा येऊ शकावी. दुसरी, घरापर्यंत वाट असावी. महामार्ग वाटेत येतो तिथे वर गाड्या आणि खाली जनावर जाईल असे भुयार लागते. नाल्याकाठची झाडी आणि गावालगतची झुडपे यांना पडीक समजून साफ करू नये. तिसरी, रानात तारेचे फास आणि कुंपणात सोडलेली वीज नसावी. टिपेश्वरच्या वाघांच्या गळ्यातही असे फास आढळले आहेत. चौथी, शेतीपंपाला वीज दिवसा मिळावी. ओलितासाठी शेतकऱ्याने रात्री दोनला वावरात जायचे आणि वाघानेही त्याच वेळी निघायचे, ही भेट दोघांनाही परवडत नाही. पाचवी, मेलेल्या गुराची भरपाई गुराख्याच्या हाती वेळेत पडावी. ती रखडली की मेलेल्या जनावरावर विष पडते.

नाव ठेवणे, बारशाचे फलक लावणे आणि मोबाईल घेऊन झुडपाभोवती कडे करणे ही कामे अर्जात धरली जाणार नाहीत. त्यांत सर्वच जिल्हे उत्तीर्ण आहेत.

इच्छुक जिल्ह्यांनी मांजर पाठवण्याची मागणी करू नये. ते स्वतःच्या पायांनी येते. आधी वाट मोकळी ठेवावी, मग अर्ज करावा.

कळावे,
यवतमाळ जिल्ह्याच्या वतीने, एक हितचिंतक