कंपनीवाले एक जास्तीच घालतात

आप्पांनी लॅपटॉप पुन्हा उघडला आहे. खालच्या मजल्यावर आम्हाला ते लगेच कळतं, कारण वरून माईंचा आवाज येतो, "माझा पोळपाट द्या की हो!" पोळपाट संगमरवरी आहे, गार असतो. म्हणून तो लॅपटॉपखाली जातो आणि माई ओट्यावर पोळ्या लाटतात. त्या दिवशीच्या पोळ्यांना एक कोपरा असतो.

असे आप्पा तुमच्याही ओळखीत असणारच, तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. निवृत्त, खिशात टेस्टर, आणि घरातल्या कुठल्याही वस्तूला 'गेली' म्हटलं की कुणीतरी माणूस गेल्यासारखा चेहरा. आमचे आप्पा मूळचे बेळगावचे. जालहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये सगळी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर बेंगळुरू सोडायचं सोडून नेमके आमच्या डोक्यावर राहायला आले.

मुद्दा स्क्रूचा आहे. आप्पा लॅपटॉप उघडतात, पंख्यातली धूळ ब्रशने झाडतात, रॅमच्या सोनेरी पट्ट्या नातीच्या खोडरबराने घासतात, सगळं जागच्या जागी बसवतात, झाकण लावतात, आणि टेबलावर एक स्क्रू उरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भाबडेपणाने म्हणालो, "आप्पा, हा राहिला."

"राहिला नव्हे, जास्तीचा आहे. कंपनीवाले एक जास्तीच घालतात की."

मग तो स्क्रू कुंद्याच्या रिकाम्या डब्यात गेला. त्या डब्यात मिक्सरचा जास्तीचा होता, इस्त्रीचा होता, देवघरातल्या दिव्यांच्या माळेचा होता, सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचेही काही होते. पंपाचं कळल्यावर सेक्रेटरींनी आप्पांना लिफ्टच्या आसपास फिरकू द्यायचं नाही असा अलिखित ठराव केला. आप्पांचं म्हणणं एकच: जगातली प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा एका स्क्रूने जास्त बनवलेली असते, आणि तो शोधून काढायला जाणकार माणूस लागतो. या न्यायाने त्यांनी तो लॅपटॉप इतक्या वेळा जाणकारपणे तपासला आहे की आता त्याचं खालचं झाकण मुख्यतः भाजीच्या जुडीच्या रबरबँडांवर उभं आहे.

खरा आजार उष्णतेचा. प्रोसेसर आणि त्याची उष्णता वाहून नेणारी तांब्याची पट्टी यांच्यामध्ये एक लेप असतो. वर्षानुवर्षांनी तो वाळून खडखडीत होतो. पंख्याचं बेअरिंग झिजलेलं. प्रोसेसर ठरावीक तापमानापर्यंत तापला की जळून जाण्याऐवजी आपणहून बंद पडतो, तशी सोयच केलेली असते. हे सगळं आप्पांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. लेप त्यांनी बदललाही. पण त्या मॉडेलचा पंखा आता मिळत नाही. मेट्रोने चिकपेटेला उतरून ते एस. पी. रोडला जातात, संगणकाच्या सुट्या भागांच्या त्या चिंचोळ्या गल्लीत दुकानामागून दुकान पालथं घालतात आणि प्रत्येक ठिकाणी "ओल्ड मॉडेल सार, सिगल्ला" ऐकून प्रसन्न मुद्रेने परत येतात. पंखा मिळाला असता तर काय केलं असतं त्यांनी, हा विचारही मला करवत नाही.

शिवाय घड्याळ. आतला बटणासारखा सेल संपल्यामुळे लॅपटॉप दर वेळी उठतो तो १ जानेवारी २००९ला. त्यामुळे कुठलीही वेबसाइट उघडायला गेलं की तो हटून बसतो: हिचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, मी उघडणार नाही. आप्पा शांतपणे सांगतात, "आमचं बरोबर आहे, खरं इंटरनेट पुढं गेलंय." माईंच्या वजनकाट्यातला सेल काढून त्यांनी तो लॅपटॉपला बसवून पाहिला. लॅपटॉप २००९मध्येच राहिला. वजनकाटाही तेव्हापासून बंद आहे, आणि तो उघडल्यावर काय उरलं हे सांगायला नकोच.

आमच्या इमारतीत सॉफ्टवेअरवाले इतके की सकाळी लिफ्टमध्ये माणसांपेक्षा गळ्यातली ओळखपत्रंच जास्त दिसतात. या शहरात बसून माणसं जगभरच्या बँका आणि विमान कंपन्यांचे संगणक सांभाळतात. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा तर क्लाउड आर्किटेक्ट. त्याला आप्पांनी एकदा वर बोलावून मशीन दाखवलं. त्याने दुरूनच बघून "काका, नवीन घ्या" असं निदान केलं आणि गेला. आप्पा मला म्हणाले, "ढग कळतो त्याला. पंखा कळत नाही."

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तर रविवारी संध्याकाळी जुन्या मालिका बघण्यासाठी. मुलाने कधीतरी एका हार्ड डिस्कवर भरून दिलेल्या: मालगुडी डेज, वागले की दुनिया, बासू चॅटर्जींचा ब्योमकेश बक्षी, भारत एक खोज. घरी मोठा टीव्ही आहे, तोही इंटरनेटवाला. त्यावर हे सगळं दोन बोटांत लागेल. पण टीव्ही अजून वॉरंटीत आहे, उघडता येत नाही, त्यामुळे आप्पांना त्यात रस नाही.

रविवारी आम्हाला बोलावणं असतं. टेबलफॅनचं तोंड लॅपटॉपकडे, आमच्याकडे नाही. मालगुडीची ती धून सुरू होते, एल. वैद्यनाथन यांची, जी ऐकून आमच्या पिढीचा कुठलाही माणूस पाच सेकंद तरी गप्प होतो. लॅपटॉप साधारण निम्म्या भागापर्यंत तग धरतो, हे सगळ्यांना माहीत. म्हणून एकदा मी सुचवलं, शीर्षक गाळू या, तेवढीच गोष्ट पुढे सरकेल. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आरतीतली कडवी गाळायला सांगतोय. "ती चित्रं आर. के. लक्ष्मणनी काढलीत," ते म्हणाले. एरवी ज्यांना यंत्रातलं काहीही जास्तीचं वाटतं, त्यांना मालिकेतला एक सेकंद जास्तीचा वाटत नाही.

त्या दिवशी स्वामीची शूरपणाची गोष्ट लागली होती. वर्तमानपत्रात वाघाशी झुंजलेल्या पोराची बातमी वाचून वडील, म्हणजे गिरीश कर्नाड, स्वामीला आपल्या ऑफिसच्या खोलीत एकट्याने झोपायला लावतात. मध्यरात्र. अंधार. बाकाखाली घाबरून लपलेला स्वामी. कुणाची तरी चाहूल लागते. आणि पडदा काळा. पोळपाट गरम.

आप्पा स्क्रूड्रायव्हर शोधायला उठतात, तेवढ्यात स्वयंपाकघरातून उरलेली गोष्ट येते. तशी पद्धतच आहे त्या घरात. मालिकेचा पूर्वार्ध लॅपटॉप दाखवतो, उत्तरार्ध माई सांगतात. त्यांनी या मालिका त्या काळी बघितल्या होत्या ना. "चोर-बिर कुणी नसतंय," फोडणी घालता घालता माई म्हणाल्या, "बापच असतो तो. पोराची परीक्षा घ्यायला आलेला." सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या आठवणीतला स्वामी खऱ्या चोराच्या पायाला कडकडून चावतो आणि दुसऱ्या दिवशी पोलीस त्याचं कौतुक करतात. पण वहिवाट माईंची होती, मी गप्प बसलो. तसं ब्योमकेशच्या बाबतीतही मला अधूनमधून शंका यायची. माईंच्या उत्तरार्धात खून नेहमी घरच्या जुन्या नोकराने केलेला असे.

या अर्धवटपणाची सवय किती मुरली आहे, ते रंगशंकराला कळलं. जे. पी. नगरमधलं हे नाट्यगृह २००४ साली उभं राहिलं, मालगुडीच्या दिग्दर्शकाच्या, शंकर नागांच्या नावाने. अपघातात ते गेल्यानंतर अरुंधती नागांनी जिद्दीने उभं केलेलं. आप्पांना दाखवावं म्हणून आम्ही घेऊन गेलो. तिथला साबुदाणा वडा त्यांना आवडला, नाटक वेळेवर सुरू झालं तेही आवडलं. पण निम्मं नाटक झाल्यावर ते खुर्चीत अस्वस्थ व्हायला लागले. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बराच वेळ चाललंय की हे!" काही बंद पडत नाही म्हटल्यावर हातांना काम उरलं नव्हतं. मध्यंतर नसलेल्या त्या नाटकात त्यांनी पुढच्या खुर्चीचं हँडल हलतंय का ते चाचपून बघितलं, हे मी पाहिलं आहे.

चिडायला एवढं पुरेसं आहे, नाही का? मीही चिडतो. पण मध्यंतरी बायकोच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपची बिजागरी निखळली. सर्व्हिस सेंटरमध्ये नेला, तर त्यांनी पूर्ण वरचं झाकण पडद्यासकट बदलावं लागेल म्हणून असा आकडा सांगितला, की त्यात आप्पांच्यासारखे चार लॅपटॉप आले असते. संध्याकाळी नाइलाजाने वर गेलो. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, बिजागरी बघितली, कुंद्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि बोटाने चाळत चाळत बरोब्बर दोन मिलिमीटर जाडीचा, हवा तेवढ्याच लांबीचा स्क्रू काढला. लॅपटॉप आजही ठणठणीत आहे. पैसे तर सोडाच, त्यांनी चहासुद्धा आमच्याकडे घेतला नाही. परत करताना मात्र आमचा एक काढून ठेवला. "जास्तीचा होता," म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते थोडं बोलले. मी सहज म्हटलं होतं, आप्पा, पुन्हा पुन्हा त्याच मालिका बघून कंटाळा कसा येत नाही?

"पुन्हा कुठं? मी पहिल्यांदाच बघालोय."

ऑगस्ट १९८३मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि दिल्लीचं चित्र देशभर उतरवायची सोय झाली. मग गावोगाव छोटे ट्रान्समीटर बसवायची अशी घाई उडाली की १९८४ साली काही महिने दिवसाला सरासरी एक या वेगाने ते उभे राहत होते. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, उपग्रहाकडे तोंड केलेली एक थाळी, एक मनोरा. त्यावर पंचवीसेक किलोमीटरच्या परिघातल्या घरांत चित्र पोचायचं. आप्पांच्या कंपनीत दूरदर्शनसाठी ट्रान्समीटर बनायचे आणि आप्पा ते बसवायला जायचे. बसवून झालं की जीपमध्ये मोजणीचं यंत्र घेऊन, चित्र कुठवर पोचतंय ते बघत गावं फिरायची. दारात उभं राहून विचारायचं, चित्र कसं दिसतंय? आत पन्नास माणसं रामायणाला बसलेली. त्यांतलं कुणीतरी मान न वळवता ओरडायचं, "ओ, बाजूला व्हा!"

तेवढं मिनिटभर दिसायचं. मग पुढचं गाव. रामायण असं, महाभारत असं, बुनियाद असं. कुणाचा तरी बाण सुटलेला आप्पांनी एका तालुक्यात पाहिला आणि तो कुणाला लागला हे दुसऱ्या तालुक्यातही कळलं नाही. आमच्या साताऱ्याकडच्या गावात चित्र आलं ते असाच कुणीतरी येऊन गेल्यानंतर. तो दारात उभा राहिला असेल, तर आम्हीही त्याला बाजूला व्हायलाच सांगितलं असणार. २८ मार्च २०२०ला टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवायला घेतलं, तेव्हा अख्खी इमारत फोनवरून एकमेकांना "आठवतं का?" विचारत होती. आप्पा त्यात का बोलत नाहीत याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. म्हातारपणी विसरले असतील, असं आम्ही आपसांत ठरवूनही टाकलं होतं.

हे ऐकल्यावर मला राहवेना. एवढी वर्षं वाट बघून माणूस गोष्ट बघतोय, तर त्याला निदान खरा शेवट तरी कळावा. आप्पा एस. पी. रोडला गेल्याचं बघून मी वर गेलो. माई ओट्यावर पोळ्या लाटत होत्या. मी हळूच विषय काढला: माई, तो स्वामीच्या गोष्टीतला चोर, तो वडील नसतो बहुतेक. चोरच असतो. स्वामी त्याला चावतो.

"असंल बाबा," माई म्हणाल्या. "मला काय ठाऊक?"

"पण तुम्ही बघितल्या होत्या ना सगळ्या?"

"बघितल्या की. खरं नळाला पाणी कधी यायचं तेव्हा? मालिका रंगात आली की यायचं. हे गावोगाव फिरत, पोरं लहान, पाणी गेलं की दोन दिवस बोंब." माईंनी पोळी तव्यावर टाकली. "कुठल्याही मालिकेचा शेवट झाला तेव्हा मी मागं पिंप भरत होतो बघ. ह्यांना काहीतरी सांगायला नको? न्हाईतर रात्रभर ते मशीन उघडून बसतात."

"म्हणजे ब्योमकेशचं सुद्धा..."

माई लाटणं हातात धरून माझ्याकडे वळल्या.

"का? नोकर नसतोय होय?"