एका आजीच्या सहा वाट्या करणाऱ्या भावास

प्रिय भावा,

तू करून दिलेली डिस्क मिळाली. कव्हरवर सोनेरी अक्षरांत ‘5.1 सराउंड’ वाचलं आणि ऊर भरून आला. 2004 साली, हळदीच्या दिवशी, आमची आजी जात्यापाशी बसून ओव्या म्हणत होती तेव्हा समोर कॅमेरा एक होता आणि त्याला माईकही एकच. त्या एका माईकमधून तू सहा चॅनेल काढलेस! रस्सा एक वाटी आणि पाहुणे सहा, तर उरलेल्या पाच वाट्या नळाखाली धरायच्या, ही रीत तांबड्या-पांढऱ्याच्या कोल्हापुरात मी पहिल्यांदाच पाहिली.

डिस्क लावली. आजी रिकाम्या पिंपात बसून गात होती. मागच्या स्पीकरांसाठी तू तोच आवाज किंचित उशिरा सोडला होतास. आमच्या टीव्हीला स्पीकर दोनच. सहाचे दोन करताना आधीचा आवाज आणि उशिराचा आवाज एकमेकांच्या उरावर बसले. आणि जातं? ते मुकं. तुझ्या दुकानातल्या पोराने अभिमानाने सांगितलं, “नॉइज काढून टाकला, काका.” जात्याची घरघर म्हणजे नॉइज! तिच्यासोबत आजीच्या आवाजातला खर्जही खरवडून गेला, ते वेगळंच.

साफसफाई झाल्यावर तुम्ही तिची 128 ची एमपी3 केलीत, असंही त्याच पोराकडून कळलं. डीव्हीडी-व्हिडिओत एमपी3 चालत नाही, म्हणून मग तिचीच डॉल्बी केलीत, 224 किलोबिटची, सहा चॅनेलांत. जुन्या व्हीसीडीतही आवाजाला 224 च असायचे रे, पण तिथे ते दोघांत वाटले जायचे. मूळ डिजिटल कॅसेटवर आजी 1536 किलोबिटची होती: 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, दोन चॅनेल. तशीच उचलून, न दाबता, पीसीएममध्ये ठेवली असतीस तर काही करावंच लागलं नसतं. पण काही न करण्याचे पैसे कसे मागायचे, ही तुझी अडचण मी समजू शकतो.

जागेचं कारण सांगू नकोस. कॅसेट एका तासाची. चित्राला सेकंदाला 8 मेगाबिट दे, आवाजाला पीसीएमचे दीड. बेरीज साडेनऊ, आणि डीव्हीडीची मर्यादा 10.08. तासाभराचे जेमतेम 4.3 जीबी होतात, डिस्क 4.7 ची. रेकॉर्डिंग दोन तासांचं असतं तर मी तुझीच बाजू घेतली असती. तेव्हा पीसीएमने चित्राच्या तोंडचा घास काढला असता, आणि दोन चॅनेलांना डॉल्बीचे 256 पुरले असते.

जागा होतीच, हे तूच सिद्ध केलंस. फाइल उघडून पाहिली. गुलाबाच्या पाकळ्या गरगरणारा तो मेनू, त्यामागचं सिनेमातलं गाणं, चाळीस सेकंदांचं, पीसीएममध्ये! पूर्ण 1536! उंबऱ्यावर गालिचा आणि आजी पोत्यावर.

याच कोल्हापुरात 1932 साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ केला. पार्श्वगायनाची चाल अजून पडायची होती. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोरच गात होते. आवाज एकाच वाहिनीतला, फिल्मच्या कडेला प्रकाशाने उमटवलेला. बरं झालं, त्यांची रिळं तुझ्याकडे आली नाहीत. नाहीतर हरिश्चंद्र डाव्या कोपऱ्यात, तारामती मागच्या स्पीकरात आणि स्मशानातला वारा ‘नॉइज’ म्हणून साफ.

असो. मूळ कॅसेट घ्यायला उद्या दुकानात येतो. ती तेवढी ‘क्लीन’ करू नकोस. डिस्क तुलाच परत आणून देतो, मेनूसाठी ठेव. त्याचा आवाज खरंच लई भारी आलाय.

तुझा,
पावती जपून ठेवलेला एक काका