जुना खेळ, चालू भाव

निफाड तालुक्याला जुन्या मालाचा भाव शिकवायला नको. उन्हाळ्यात चाळीत भरलेला कांदा पावसाळ्यात लासलगावच्या लिलावात उतरतो, तेव्हा जुना म्हणून तो कुणी फुकट मागत नाही. टिकलाय का, एवढंच बघतात.

मग अंधांच्या जुन्या ऑडिओ गेमलाच 'फुकट द्या' असा वेगळा न्याय का?

या खेळांत बघण्यासारखं काही नसतं, सगळं हेडफोनमध्ये. पावलं डाव्या कानात वाजली की शत्रू डावीकडे. 'शेड्स ऑफ डूम' हा असाच खेळ, 2001 सालचा. असे कितीतरी खेळ एकदोघांनी घरी बसून घडवले. गिऱ्हाईक जगभरात मिळून मूठभर. त्यातल्या निम्म्यांनी खेळ फुकट उतरवून घेतला, तर पुढचा खेळ कोण करेल?

"अंधांकडून कसले पैसे घ्यायचे?" असं कळवळून विचारणारे भेटतात. चहावाला घेतो. मोबाइलवाला घेतो. अंध माणसाला गिऱ्हाईक म्हणून वागवायला एवढं जड का जातं?

आणि फुकट म्हणजे तरी काय? स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर मोफत मिळतं, मराठीही वाचतं. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 मध्ये ते सुरू केलं. ते आजही चालतं, कारण देणगीदार पैसे भरतात. बिल असतंच, कुणाच्या नावावर फाडायचं, एवढाच प्रश्न.

1997 मध्ये जपानच्या केंजी एनोने चित्रंच नसलेला 'रिअल साउंड' काढला. अंधांसाठी खेळ चालवायची 1000 यंत्रं त्याने सेगा कंपनीला द्यायला लावली, खेळाच्या 1000 प्रती स्वतः दिल्या. बाकीच्यांना खेळ विकतच घ्यावा लागला. देणं असावं ते असं, करणाऱ्याच्या हातून.

पण विकणाऱ्यांनाही सोडायचं नाही.

जुन्या अनेक खेळांच्या नोंदणीची चावी एकाच संगणकाला बांधलेली. संगणक बदलला की नवी चावी मागायची. दुकान बंद झालं असेल तर? पैसे मोजलेला माणूस दाराबाहेर, खेळ आत.

सडलेल्या कांद्यावर चांगल्याचा थर देऊन गोणी विकली, तर बाजार समितीत व्यापारी गप्प बसेल?

खेळाचंही तेच. नव्या विंडोजवर चालतो का? आजच्या स्क्रीन रीडरशी जमतं का? अडलं तर उत्तर द्यायला कुणी आहे का? असेल तर घ्या पैसे, वीस वर्षांचा जुना असला तरी घ्या. फक्त किंमत निफाडच्या कॉलेजातल्या पोरालाही झेपेल अशी ठेवा, आणि रुपयांत. डॉलरचं कार्ड त्याने आणायचं कुठून?

यातलं काहीच जमत नसेल, तर कुलूप काढा आणि खेळ मोकळा करा.

आणि पोरा, खेळ चालत असेल तर पैसे भर. पावती मागून घे.