हस्तकला-अदलाबदल : स्वरूप, नियम व उपद्रव

एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी, एकमेकांना न लागणाऱ्या वस्तू स्वतःच्या हातांनी करून ठरलेल्या तारखेच्या आत टपालाने पाठवणे, या व्यवहाराला हस्तकला-अदलाबदल म्हणतात. यातल्या मंडळींत ‘स्वॅप’ हे सुटसुटीत नाव रूढ आहे. व्यवहारात पैसा येत नाही, निदान उघडपणे येत नाही. लोकर, दोरा, मणी, रेझिन यांवर जो जातो तो हौसेच्या खात्यावर टाकायचा असतो, आणि हे खाते घरातल्या इतरांना दाखवायचे नसते.

प्रथेची वंशावळ जुनी आहे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1922 च्या ग्रंथात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या ‘कुला’ नावाच्या देवघेवीचे वर्णन केले. लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेने फिरतात, पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेने. त्यासाठी माणसे होडीतून समुद्र ओलांडतात, आणि मिळालेली वस्तू कोणी कायमची ठेवून घेत नाही. युरोपला याचे फार नवल वाटले. ओटीतल्या ब्लाउजपीसचा प्रवास पाहिलेल्या मराठी वाचकाला वाटणार नाही. न शिवता, घडी न मोडता, कपाटांमागून कपाटे ओलांडत वर्षानुवर्षे फिरणारा तो ऐंशी सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे कुलाच आहे, फक्त होडी लागत नाही. पुढे 1925 मध्ये मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने भेटवस्तूवर निबंध लिहून तीन कर्तव्ये सांगितली : देणे, घेणे आणि परत देणे. चौथे कर्तव्य त्याच्या नजरेतून सुटले. वस्तू मुळात कोणाकडून आली होती हे लक्षात ठेवणे, म्हणजे ती चुकून तिलाच परत जात नाही. मोसच्या घरी हळदीकुंकू होत नसावे.

आधुनिक शाखा टपालाच्या पेटीतून निघते. अमेरिकन चित्रकार रे जॉन्सन विसाव्या शतकाच्या मध्यापासून ओळखीच्या आणि अनोळखी लोकांना कात्रणे, चित्रे, अर्धवट कोलाज पाठवत असे, आणि ‘यात भर घालून अमक्याला पाठवा’ अशी सूचना सोबत देत असे. 1997 मध्ये झ्युरिकमध्ये एम. वान्ची स्टिर्नेमान याने खिशात मावणारी 1,200 चित्रकार्डे स्वतः करून त्यांचे प्रदर्शन मांडले आणि येणाऱ्यांना सांगितले की तुम्हीही करून आणा, मग बदलून घेऊ. अडीच इंच बाय साडेतीन इंच हे त्यांचे माप ठरले. विकायचे नाही, फक्त बदलायचे, हा नियमही ठरला. त्यानंतर इंटरनेट आले. 2003 मध्ये क्राफ्टस्टर आणि 2007 मध्ये खास विणणाऱ्यांसाठी रॅव्हलरी ही संकेतस्थळे सुरू झाल्यावर अदलाबदलीला मोजणीपलीकडचे सभासद मिळाले. भारतात क्रोशाच्या गटांनी काय करता येते हे जानेवारी 2016 मध्ये चेन्नईत दिसले : ठिकठिकाणच्या बायकांनी विणलेले चौकोन जोडून 11,148.5 चौरस मीटरचे पांघरूण झाले आणि गिनीजमध्ये विक्रम नोंदला गेला. एवढे पांघरूण आणि शहर कोणते, तर चेन्नई. हस्तकलेत गरज हा मुद्दा किती दुय्यम असतो हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

सहभागाची पहिली पायरी म्हणजे आवडीनिवडींचा तक्ता भरणे. आवडते रंग, नावडते रंग, लोकरीची ॲलर्जी, घरात मांजर आहे का, कोणी सिगारेट ओढते का, आवडता सण कोणता. अनुभवी सभासद हा तक्ता विवाहमंडळाच्या फॉर्मइतक्या गांभीर्याने भरतात. नवखे ‘काहीही चालेल’ असे लिहून मोकळे होतात. हे उत्तर सर्वांत धोकादायक मानले जाते. ज्या व्यक्तीला काहीही चालते तिला प्रत्यक्षात एकच गोष्ट चालते आणि ती तक्त्यात लिहिलेली नसते. शिवाय तक्ता ज्या देशात तयार होतो त्या देशाचे घर गृहीत धरतो. त्यामुळे नाशिकच्या सभासदाला एखाद्या ऑक्टोबरात भोपळ्याच्या आकाराची, नारिंगी लोकरीची टी-कोझी येते. ही वस्तू म्हणजे किटलीचे स्वेटर. ज्या घरात चहा पातेल्यातून गाळण्यावर आणि गाळण्यातून थेट कपात उतरतो, तिथे किटलीला थंडी वाजण्याचा प्रश्नच नसतो. मात्र तोटीसाठी आणि दांड्यासाठी ठेवलेल्या दोन फटी प्रौढ माणसाच्या कानांशी बरोबर जुळतात, हे घरातल्या आजोबांच्या लक्षात येते आणि पुढचा हिवाळा ते नारिंगी भोपळ्यात काढतात. उलट दिशेनेही हेच घडते. इथून मोठ्या हौसेने गेलेले मण्यांचे तोरण ओहायोमधल्या घरात जेवणाच्या टेबलावर आडवे पसरलेले फोटोत दिसते. ते दाराला लावायचे असते असे कळवावे की नाही यावर गटात दोन पक्ष पडतात.

यानंतर जोड्या लावल्या जातात. दोघींनी एकमेकींना पाठवायचे ही सरळ पद्धत आता मागे पडली आहे, कारण तिच्यात तुलना फार लवकर होते. हल्ली साखळी असते : पहिलीने दुसरीला, दुसरीने तिसरीला, आणि कोणाकडून येणार ते गुप्त. चिठ्ठ्या टाकून ही वाटणी केली तर एक अडचण येते. निदान एका सभासदाच्या हाती स्वतःच्याच नावाची चिठ्ठी येण्याची शक्यता सुमारे 63 टक्के असते, आणि गंमत म्हणजे माणसे दहा असोत की दहा हजार, हा आकडा जवळपास हलत नाही. पिएर रेमाँ द माँमॉर या फ्रेंच गणितज्ञाने 1708 मध्ये पत्त्यांच्या खेळावरून हा प्रश्न मांडला होता. संगणक अशी वाटणी रद्द करून पुन्हा चिठ्ठ्या काढतो. खरे तर या प्रथेत सगळ्यांत समाधानी राहण्याची शक्यता स्वतःचेच नाव आलेल्या सभासदाची असते, पण नियमांना ते मंजूर नाही.

प्रत्यक्ष वस्तू करणे हा भाग सर्वांत लांबतो, आणि त्याचा बराचसा काळ वस्तू न करण्यात जातो. पहिला आठवडा नमुना शोधण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात घरात भरपूर लोकर असूनही हवी ती छटा नसल्याचे आढळते. विणणाऱ्यांत साठ्याची एक ठरलेली अवस्था असते : उरलेल्या आयुष्यात विणून संपणार नाही इतकी लोकर जमलेली असणे. या अवस्थेतला माणूसही लोकर घ्यायला जातोच, कारण साठा आणि गरज यांचा संबंध नसतो. तिसऱ्या आठवड्यात काम सुरू होते. साखळी, मुका खांब, खांब, पुन्हा साखळी, असा गोल कोस्टर विणायला घेतला जातो. टाके वाढवण्याचा हिशेब चुकला तर क्रोशाचा गोल लपवाछपवी करत नाही. टाके जास्त झाले की कडेला झालर सुटते, कमी पडले की कडा वर वळून वाटी तयार होते. वाटी झाल्यावर दोन मार्ग उरतात. एक, उसवणे. दुसरा, वाटीच करायची होती असे म्हणणे. पहिला मार्ग पुस्तकात सांगितलेला असतो. हस्तकलेच्या जगात दिसणाऱ्या लहान टोपल्या, चाव्या ठेवायच्या वाट्या, बाहुल्यांच्या टोप्या आणि कुंड्यांची वेष्टणे यांचा उगम दुसऱ्या मार्गात आहे.

मोलाचा प्रश्न याच टप्प्यावर उभा राहतो आणि पुढे कधीही सुटत नाही. गटाचे नियम समतोल राखण्याचा प्रयत्न करतात : एक मोठी वस्तू किंवा तीन छोट्या, सोबत थोडे सामान, हवा तर खाऊ. पण देवाणघेवाण होते ती तासांची, आणि तासांचे वजनमाप कोणालाच ठरवता आलेले नाही. एकीने रात्री जागून भरतकामाची उशी केलेली असते, दुसरीने दुपारच्या मालिकेच्या दोन जाहिरातींमध्ये मण्यांचा पुस्तकखुणेचा दोरा ओवलेला असतो. दोघीही ‘मनापासून केलेय’ म्हणतात, आणि दोघीही खरे बोलत असतात.

पार्सल ही स्वतंत्र विद्या आहे. पूर्वी ते मांजरपाटात गुंडाळून, शिवून, शिवणीवर लाखेची मोहोर उठवून द्यावे लागे; मुंबईच्या जीपीओबाहेर हे काम करून देणारे लोक बसत. हस्तकलेतली ती एकमेव शाखा म्हणावी जिच्यात कारागिराला रोख पैसे मिळाले. परदेशी पार्सलाला जकातीचा फॉर्म लागतो. त्यात आत काय आहे आणि त्याची किंमत किती, हे लिहावे लागते.

‘आत काय आहे, ताई?’

‘ऑक्टोपस.’

खिडकीपलीकडे लिहिणारा हात थांबतो.

‘लोकरीचा आहे हो.’

‘किंमत?’

इथे ताईंचीही वाचा बसते. लोकर शंभर-सव्वाशे रुपयांची असते. विणायला गेलेल्या रात्री धरल्या तर आकडा असा येतो की तो ऑक्टोपस विमा उतरवूनच पाठवावा. अखेर रांगेतला मागचा माणूस ‘दोनशे लिहा ना’ म्हणतो आणि कलाकृतीचे मूल्यमापन पूर्ण होते. जगभरच्या जकातीत चालणाऱ्या वर्गीकरणात विणलेल्या आणि क्रोशाच्या कपड्यांना 61 वे प्रकरण आहे, खेळण्यांना 9503 हा क्रमांक. ऑक्टोपस खेळण्यांत बसतो. त्याच्यासोबत पाठवलेला छोटा मफलर कोणाच्या गळ्यात असायचा आहे, यावर त्याचे प्रकरण ठरते.

येणाऱ्या पार्सलाचे नियम आणखी रसाळ आहेत. डिसेंबर 2019 मध्ये भारत सरकारने टपालाने किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून येणाऱ्या मालाच्या आयातीवर बंदी घातली. परदेशी संकेतस्थळांवर विकत घेतलेला माल भेट म्हणून करमुक्त आत आणला जात होता, त्याला चाप लावण्यासाठी हा उपाय होता. अपवाद दोनच ठेवले : जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीपुढे कंसात खुलासा आहे की राखीसोबतची भेटवस्तू यात धरलेली नाही. म्हणजे बहिणीचे प्रेम सीमेवर आत घेतले जाते, त्याच्यासोबतचे चॉकलेट थांबते. पूर्ण जकात भरली तर भेट येऊ शकते. परिणामी पाठवणारीने दहा डॉलरचा म्हणून लिहिलेला, फुकट मिळालेला रुमाल सोडवायला मिळवणारीला पैसे मोजावे लागतात, आणि वर ‘खूप आवडला’ असे लिहावे लागते. जाणारी वाटही नेहमी मोकळी नसते. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला दिलेली जकातमाफी काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सले थांबवली. ती 15 ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या तणावामुळे आपली भेट अडकल्याचे ज्यांनी गटावर कळवले, त्यांपैकी सगळ्यांनीच ती विणायला घेतली होती असे नाही.

पार्सल पोचल्यावर फोटो टाकणे सक्तीचे असते. फोटोखालच्या आभाराची भाषा ठरलेली आहे आणि जाणकारांना ती वाचता येते. ‘अप्रतिम! लगेच वापरायला काढले’ म्हणजे वस्तू आवडली. ‘किती मेहनत घेतलीस गं’ म्हणजे आवडली नाही, पण मेहनत दिसते. ‘रंग किती वेगळा आहे!’ याचा अर्थ सांगायची गरज नाही. ‘माझ्या भाचीला फार आवडेल’ हे वाक्य आले की वस्तूचा पुढचा पत्ता ठरलेला असतो.

काहींना काहीच येत नाही. वस्तू घेऊन आपली न पाठवणारे सभासद प्रत्येक गटात असतात. त्यांच्या मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे आणि घरचे पाहुणे मुदतीच्या आदल्या दिवशी एकदम उपटतात. अशांवर वचक म्हणून गुण देण्याची पद्धत आहे. वेळेत आणि नियमाप्रमाणे पाठवले तर पाच, काही उणे राहिले तर तीन, पाठवलेच नाही तर एक. अपेक्षेपेक्षा सुंदर पाठवले तर पाचांसोबत एक हृदय. तिन्हीसांजेच्या वेळी मोबाइलवर आपली हृदये मोजणाऱ्या, एरवी बँकेत अधिकारी असलेल्या स्त्रिया आहेत, आणि तीन गुण मिळाल्यामुळे भरतकाम सोडलेल्याही आहेत. रिकाम्या हाताने राहिलेल्यांसाठी ‘एंजल’ नावाची पदवी असते. आपली पाळी नसताना, कोणी न सांगता, दुसरे पार्सल करून पाठवणारी ती. सगळा गट या चारपाच जणींवर उभा असतो. त्यांना वेळ कुठून मिळतो हे कोणी विचारत नाही, कारण उत्तर मिळाले तर सबब राहणार नाही.

मिळालेल्या वस्तूंचे पुढे काय होते, हा विषय गटात चर्चिला जात नाही. पहिल्या काही भेटी भिंतीवर, शोकेसमध्ये, फ्रिजच्या दारावर दिसतात. पुढच्या पाठवणाऱ्यांच्या नावांसह कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातात. काही संक्रांतीला वाण म्हणून बाहेर पडतात, आणि स्टीलच्या वाटीपेक्षा क्रोशाचा रुमाल परवडला अशी शेजारणींची प्रतिक्रिया मिळते. अर्धवट राहिलेल्या कामांसाठी तर वेगळी अदलाबदल भरते. एकीने अर्धा विणून टाकलेला स्वेटर दुसरीकडे पूर्ण होण्यासाठी जातो आणि तिथे पाऊणपर्यंत पोचतो. गटातून मिळालेली वस्तू त्याच गटात पुढे पाठवण्यास बहुतेक ठिकाणी मनाई आहे. दुसऱ्या गटात पाठवायला हरकत नसते, फक्त वस्तूच्या मागे शिवलेली नावाची चिंधी आधी काळजीपूर्वक उसवून घ्यावी लागते.