संपादक व्हा, घरबसल्या!

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. मजकूर मराठीत लिहायचा, शेजारी तोच इंग्रजीत द्यायचा, छापखान्याच्या खेपा घालायच्या, वर्गणीदार शोधायचे. एवढं करून १८४० साली ते पत्र बंद पडलं. तरी आपण दरवर्षी ६ जानेवारीला त्यांच्या नावाने पत्रकार दिन साजरा करतो. त्या दिवशी तालुक्याच्या विश्रामगृहात शाल-श्रीफळ घ्यायला जी रांग लागते, ती पाहिली की बाळशास्त्रींनी हा धंदा उगाच अवघड करून ठेवला होता याची खात्री पटते.

आता सगळं सोपं झालं आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या घरांत मोडेमच्या खरखरीसह पोचलं. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आलं आणि पहिले काही महिने डेटा चक्क फुकट मिळाला. पारावर बसलेल्या माणसाला जग दिसू लागलं. पुढे लवकरच, जगालाही आपण दिसावं, असं त्याला वाटू लागलं. देशातल्या ऑनलाइन पत्रकारितेचा विस्तार या दुसऱ्या इच्छेतून झाला आहे.

होतकरू संपादकांची गैरसोय होऊ नये म्हणून पुढील सूचना विनामूल्य देत आहे.

आधी नाव. त्यात 'लाइव्ह', 'न्यूज' आणि 'चोवीस' यांपैकी निदान दोन शब्द हवेत, आणि सुरुवातीला 'महा', 'जन' किंवा 'लोक' हवं. 'महा' लावलं की तालुक्याबाहेर एकही प्रेक्षक नसलेलं चॅनेल आपोआप राज्यस्तरीय होतं. घोषवाक्य 'निर्भीड आणि निःपक्ष' ठेवावं. पुढच्या कामाशी त्याचा संबंध येत नसल्यामुळे ते निवडताना डोकं शिणवू नये.

मग मनुष्यबळ. मुख्य संपादक तुम्ही, कार्यकारी संपादक मेव्हणा, छायाचित्रकार भाचा. गावोगाव प्रतिनिधी नेमावेत आणि ओळखपत्राचे पैसे त्यांच्याकडूनच घ्यावेत. पत्रकाराला पगार द्यायचा, ही जुन्या वृत्तपत्रांची खोड होती. तिच्यापायी भली भली पत्रं बुडाली. छापील पत्रातल्या माणसाला अधिस्वीकृती मिळवायला उमेदीची वर्षं घालवावी लागतात, मग कुठे एसटीत फुकट बसता येतं. तुम्ही गाडीच्या काचेवर 'प्रेस' चिकटवा. टोलनाका आणि वाहतूक पोलीस या दोन्ही संस्था त्याचा योग्य तो आदर राखतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बूम, चॅनेलचं नाव मिरवणारा माइक. बातमी नसली तरी चालेल, बूम पाहिजे. पालकमंत्री गाडीतून उतरले की विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर इतके बूम पुढे येतात की मंत्र्यांचा चेहरा झाकला जातो. मंत्र्यांची त्याला हरकत नसते. प्रश्न एकच असतो, आणि तो त्यांच्या स्वीय सहायकाने सकाळीच ग्रुपवर टाकलेला असतो.

आता मथळा. बातमी सांगणं कोणालाही जमतं. न सांगता वाचकाला शेवटच्या ओळीपर्यंत फरफटत नेणं, याला कसब लागतं. अभ्यासासाठी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना घ्या. जुलै २०२४ पासून पात्र बहिणींना महिन्याला १५०० रुपये सुरू झाले. सरकारच्या हिशेबाने हप्ता महिन्यातून एकदा. पोर्टलच्या हिशेबाने तो रोजचा. सोमवारी 'मोठी बातमी! हप्ता कधी येणार?', मंगळवारी 'हप्त्याबाबत महत्त्वाची अपडेट', बुधवारी 'बहिणींनो, आत्ताच खातं तपासा', गुरुवारी 'हप्ता का रखडला? खरं कारण समोर'. चारही दिवस आत मजकूर तोच: योजना कधी सुरू झाली, रक्कम किती, कागदपत्रं कोणती. शेवटी बारीकशी ओळ, 'याबाबत अधिकृत घोषणा अद्याप झालेली नाही.' बहीण चार दिवस चार पानं उघडते, प्रत्येक पानावर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात पाहते आणि पोर्टलचा हप्ता मात्र वेळेवर जमा होतो.

हा वेडेपणा आहे, असं समजू नका. यामागे हिशेब आहे. लोक गुगलवर काय शोधताहेत याची यादी सकाळी मोठ्या पोर्टलच्या डेस्कवरच्या मुलासमोर येते: उद्या शाळेला सुट्टी आहे का, दहावीचा निकाल कधी, सोन्याचा आजचा भाव, कांद्याचा बाजारभाव. त्याला दिवसाच्या बातम्यांचा कोटा असतो आणि महिनाअखेरीस पानं किती उघडली गेली याचा जाब द्यायचा असतो. लासलगाव त्याने नकाशावरही नीट पाहिलेलं नसतं, पण तिथल्या कांद्यावर तो रोज लिहितो. बाजार समिती रोज तीन दर जाहीर करते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मथळ्यात फक्त कमाल दर जातो, पुढे उद्गारचिन्ह. शेतकरी मथळा वाचून गाडी भरतो आणि सर्वसाधारण दर घेऊन घरी येतो.

उत्पन्नाबद्दल निश्चिंत राहा. गुगलच्या जाहिरातींचे पैसे तालुक्यापर्यंत येईतो त्यांत चहासुद्धा भागत नाही. पण निवडून आलेले, निवडून न आलेले आणि 'भावी' अशा तिन्ही प्रवर्गांतल्या नेत्यांना वाढदिवस असतात. 'कार्यसम्राटांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' एवढ्या मजकुरावर महिन्याचा किराणा निघतो. ज्याच्या शुभेच्छा लावल्या त्याच्या गटाराची बातमी वर्षभर लावायची नाही, हे कुठे लिहिलेलं नसतं. ते दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

याहून किफायतशीर म्हणजे न दिलेली बातमी. नदीपात्रातल्या वाळूच्या ट्रॅक्टरचं चित्रण करायचं, ते आधी मालकाच्या मोबाइलवर पाठवायचं आणि नम्रपणे विचारायचं, "साहेब, लावू का?" या एका प्रश्नावर काही संपादकांच्या घरांना दुसरा मजला चढला आहे.

हे वाचून छापील पत्रांतल्या ज्येष्ठांनी नाक मुरडू नये. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांचे पोवाडे बातमी म्हणून छापून आले, ते कागदावरच. एकच मजकूर निरनिराळ्या दैनिकांत निरनिराळ्या वार्ताहरांच्या नावांनी आला होता आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते चव्हाट्यावर आणलं होतं. पाकीट तेव्हाही होतं. आता क्यूआर कोड आहे, एवढीच प्रगती.

सरकारचं काय, असं तुम्ही विचाराल. १८६७ चा वृत्तपत्र नोंदणीचा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला. त्यात नियतकालिकांची नोंदणी आहे, पोर्टलची नाही. म्हणजे चार पानी साप्ताहिकाला नोंदणी हवी आणि लाखो मोबाइलवर दिसणाऱ्या चॅनेलला नको. पण म्हणून सरकारचं आपल्याकडे लक्ष नाही, असं मानून खट्टू होऊ नका. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल बातम्यांसाठी आचारसंहिता आली आणि तिच्यावर देखरेखीचे तीन मजले बांधले गेले. वरच्या मजल्यावर केंद्र सरकारची समिती बसवली होती. 'द लीफलेट' हे संकेतस्थळ आणि ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने त्यातल्या मुख्य तरतुदींना स्थगिती दिली. मग २०२३ मध्ये दुरुस्ती आली: केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची माहिती खरी की खोटी, हे केंद्र सरकारने नेमलेला तथ्य तपासणी कक्ष ठरवणार. परीक्षार्थ्यानेच आपला पेपर तपासावा, हा विचार विद्यार्थ्यांना केव्हाच पटलेला आहे. उच्च न्यायालयाला तो पटला नाही. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द ठरली. बातमीच्या स्वातंत्र्यासाठी विनोदी कलाकाराला कोर्टाची पायरी चढावी लागते आणि आम्ही संपादक तेव्हा शाळांच्या सुट्ट्यांवर लिहीत असतो, ही कामाची वाटणी ध्यानात ठेवा.

आता एक सूचना, तिच्यात विनोद नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. मुलं पळवल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, असा नियम केला. 'सावधान, टोळी आली आहे' हे लिहायला काही खर्च येत नाही. पोलीस ठाण्यात जाऊन, पाड्यावर जाऊन, चार माणसांना विचारून 'असं काही नाही' लिहायचं तर पेट्रोल लागतं. आपल्याकडच्या ऑनलाइन पत्रकारितेचा सगळा प्रश्न या पेट्रोलचा आहे. टाकी जो भरतो, गाडी त्याच्या दारात उभी राहते.

काही खुळी माणसं पदरचं पेट्रोल घालतात, हेही नोंदवायला हवं. बुंदेलखंडात २००२ साली ग्रामीण बायकांनी, त्यांतही कितीतरी दलित बायकांनी, 'खबर लहरिया' हे पत्र सुरू केलं. आता त्या मोबाइलवर चित्रण करून ठाणेदाराला प्रश्न विचारतात. त्यांच्यावरचा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं 'परी' हे संकेतस्थळ गावांतल्या कामकऱ्यांच्या कहाण्या मराठीतही देतं. पाड्यावरून गर्भवतीला झोळीतून नेतानाची जी दृश्यं आपल्याला पालघर-नंदुरबारकडून दिसतात, ती मुंबईच्या स्टुडिओतून नव्हे, त्याच भागातल्या कोणाच्या तरी मोबाइलमधून येतात. 'हे यूट्यूबवाले कसले पत्रकार' म्हणणाऱ्यांनी ती दृश्यं नसती तर आपल्याला काय कळलं असतं, एवढं स्वतःला विचारावं.

आणि मुकेश चंद्राकर. छत्तीसगडमधल्या बिजापूरचा तरुण, 'बस्तर जंक्शन' नावाचं यूट्यूब चॅनेल चालवणारा. २०२१ मध्ये माओवाद्यांनी धरून नेलेला केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान सुखरूप परत आला, त्यात या मुलाचा हात होता. पुढे त्याने एका रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी बाहेर काढली. ३ जानेवारी २०२५ रोजी त्या कामाच्या ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्याचा मृतदेह सापडला. ठेकेदाराला पुढे अटक झाली. पत्रकार दिनाला तेव्हा तीन दिवस होते. आपल्याकडे शाल-श्रीफळाचे कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाले.

तेव्हा होतकरू संपादकहो, धंद्यात उतरायचं तर वाढदिवसांच्या वाटेने जा, रस्त्यांच्या कामाच्या वाटेने जाऊ नका. पहिल्या वाटेवर वरचा मजला चढतो. दुसऱ्या वाटेवर ठेकेदार भेटतो, आणि तुमच्या पाठीशी मालक नसतो, वकील नसतो, युनियन नसते. असतात ते 'लढ' असं कमेंटमध्ये लिहिणारे प्रेक्षक.

आता दोन शब्द त्या प्रेक्षकांना. मोबाइलच्या रिचार्जला तुम्ही महिन्याला दोनशे-तीनशे रुपये कुरकुर न करता मोजता आणि त्यावर येणारी बातमी मात्र फुकट हवी असते. फुकट मिळते तीही कोणाच्या तरी पैशाने आलेली असते. फक्त ज्याने पैसे दिले तो तुमच्या बाजूचा नसतो. तुमच्या तालुक्यातल्या कुठल्या चॅनेलने गेल्या वर्षात ग्रामसभेत जाऊन चित्रण केलं, रस्त्याचं अंदाजपत्रक मागितलं, दवाखान्यात डॉक्टर का नाही हे विचारलं, ते आठवून पाहा. असं एक जरी आठवलं, तर त्या माणसाला दरमहा शंभर रुपये पाठवा. क्यूआर कोड त्याच्याकडेही आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र त्याच्याकडे मागू नका.