नाव गाड्यावर, गाडा नावेवर

आलात का वहिनी? काल रात्री तुमच्या ओट्यावर दिवा दिसला, तेव्हाच ह्यांना म्हटलं, अमळनेरची मंडळी परतली. संक्रांतीचा तिळगूळ देऊन गेलात त्या मृग लागल्यावर उगवलात! बाळ-बाळंतीण बरी ना? मुलगी झाली म्हणे, छान. आणि आल्याआल्या पिंप घासायला बसलात! दोनशे लिटरचं ना हो हे? नाही, सहज विचारलं.

काय? ती निळी ताडपत्री? मला वाटलंच, बोलताय माझ्याशी पण डोळे तिकडे. बोट आहे तिच्याखाली. होडी हो, होडी. आमचीच. म्हणजे अर्धी आमची, अर्धी पलीकडच्या भाईंची. भिंत सामाईक असते तशी बोट सामाईक.

त्याचं असं झालं. हिऱ्यातली मंदी तर तुम्हाला ठाऊकच आहे. भाईंच्या कारखान्यात आठवड्याला दोन-दोन सुट्ट्या. वीस वर्षं हिरे घासायच्या घंटीवर बसलेला माणूस घरात बसला की त्याचे हात शिवशिवतात. इकडे आमचे हे निवृत्त, ह्यांचे हात नाही तर जीभ शिवशिवते. फेब्रुवारीत भाई भावनगरकडे गावी लग्नाला निघाले, ह्यांना म्हणाले चला. त्यांच्या घरच्या बेन म्हणाल्या जाऊ द्या, मी म्हटलं जाऊ द्या. आम्ही दोघी फसलो.

गाव अलंगच्या वाटेवर. तिथे १९८३ पासून जहाजं तोडतात, एवढं तर मीही ऐकून होते. खंभातच्या आखातात भरती फार मोठी येते, त्या भरतीत जहाज पळवत आणून सरळ वाळूत घुसवायचं, ओहोटी लागली की ते उघडं पडतं, मग कापायचं. पण त्यातून निघालेलं सामान रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं मांडून विकतात, हे नाही माहीत. कपबश्या, गाद्या, सोफे, शेगड्या, काय म्हणाल ते. मी ह्यांना फोनवर सांगितलं, एखादी चांगली स्टीलची किटली बघा. किटलीऐवजी बोट घेतली! जहाजावर माणूस पाण्यात पडला तर काढायला ठेवतात ती, चौदा फुटी, फायबरची. किंमत विचारू नका, मलाही दोन वेगवेगळ्या सांगितल्यात.

आणली कशी ते ऐका. सुरत रस्त्याने पावणेचारशे किलोमीटर पडतं, म्हणून टेम्पो घातला घोघ्याच्या रो-पॅक्सवर. ते जहाज २०२० पासून घोघा-हजीरा करतं ना, समुद्रातून नव्वदच किलोमीटर, चार तासांत गाडीसकट इकडे. आपण म्हणतो कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा. इथे गाड्यावर नाव आणि तो गाडा पुन्हा नावेवर! ती म्हण करणारा वर बसून डोकं खाजवत असेल.

गल्लीत उतरवली तेव्हा रंग कसा होता, शेंदरी! समुद्रात लांबून दिसावी म्हणून तसा देतात. कोपऱ्यावरच्या आजी आधी हात जोडून मोकळ्या झाल्या, त्यांना वाटलं मारुती आला. पुढच्या बाजूला जहाजाचं नाव खरवडलेलं, पण खाली गावाचं नाव शाबूत होतं, मोनरोव्हिया. बेन मला विचारतात, हे सौराष्ट्रात कुठे आलं? मग ह्यांनी समजावलं, लायबेरियाची राजधानी आहे ती, आफ्रिकेत. मालक कुठलाही असो, जहाजाची नोंद तिकडे करतात. आपल्याकडे नाही का, लोक गाडी दुसऱ्या राज्याच्या पासिंगची घेतात, तसं.

उचलायला आठ माणसं लागली. इतकी जड का, तर पोटात पाणी. या बोटींना दोन कातडी असतात, आतलं नि बाहेरचं, मध्ये फोम, म्हणजे भोक पडलं तरी बुडू नये. कुठेतरी तडा गेला की तोच फोम पाणी पितो आणि सोडत नाही. भाईंनी खालून ड्रिलने तीन भोकं पाडली आणि माझी बादली लावली. अकरा दिवस ठिबकत होतं, वहिनी! रात्री पडल्यापडल्या टप, टप. कुठल्या समुद्राचं पाणी कोण जाणे, आमच्या तुळशीशेजारी.

मग बोट वाजवायला घेतली. कलिंगड वाजवतो ना आपण, तसं नाण्याने इंचइंच. खणखणीत वाजलं तर फायबर चांगलं, बद्द वाजलं तर आत कुजलेलं. बाकी ठीक होतं, पण मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं ना, ती पार बद्द. उघडली तर आतला प्लायवूड गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा. नवा मरीन प्लाय आणला, ७१० नंबरचा शिक्का बघून. दुकानदार म्हणाला, उकळत्या पाण्यात बहात्तर तास टिकतो. आता दुकानदार म्हणाला म्हणून आमचे हे विश्वास ठेवतील होय? तुकडा कापून उकळायला टाकला. कशात म्हणाल? पुरणाच्या पातेल्यात! गॅस माझा, पातेलं माझं. सहा तासांनी मीच बंद केला. सुटला नाही मात्र, हे खरं.

फायबरचं काम बघण्यासारखं असतं हो. काचेच्या तंतूंची चटई येते, पांढरी, आपल्या गादीतल्या पिंजलेल्या कापसासारखी. ती अंथरायची आणि तिच्यावर राळ पाजायची, रेझिन म्हणतात त्याला. चटई पांढरी होती ती पारदर्शक होत जाते, जसा साबुदाणा शिजतो. मग रोलर फिरवून आतली हवा काढायची, बुडबुडा राहिला तर तिथेच पुढे फोड येणार. पण ती राळ आपोआप वाळत नाही. तिला विरजण लागतं, हार्डनर. किलोला दहा ते वीस ग्रॅम, तेही हवा बघून. उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त. दह्यासारखंच की. भाईंनी मोजायला काय काढलं असेल? हिऱ्याचा काटा! ग्रॅमचे पाच कॅरेट. माझ्यासमोर म्हणाले, आज पंचाहत्तर कॅरेट विरजण. एवढा हिरा आयुष्यात कधी हातात आला नाही म्हणाले, आणि हसले. पण काटा ठेवताना रिकामं तबक दोनदा पुसलं त्यांनी.

आणखी एक जांभळं औषध असतं, कोबाल्ट. ते राळेत मिसळतात. पण ते आणि हार्डनर थेट एकमेकांत कधी पडू द्यायचं नाही, भडका उडतो. म्हणून एक बाटली भाईंच्या जिन्याखाली, दुसरी आमच्या माळ्यावर. ह्या बाबतीत मी पोलिस झाले होते.

तरी मे महिन्यात घोळ झालाच. शहाण्यांनी घाई करून तीन किलो राळ एकदम बादलीत कालवली. पसरलेली असली तर ठीक असते हो, गोळा असली की स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते. ह्यांचं चटई कापणं होईतो बादलीतून धूर! भाईंनी काठीने ढकलत अंगणात नेली, तोवर बादली वितळून खाली बसली. ती बघा, शेवग्याखाली, तो पिवळा दगड दिसतोय ना? आत ब्रश आहे. आणि बादली कोणती? तीच, अकरा दिवसवाली.

खाजेचं तर सांगायलाच नको. घासलेल्या फायबरची पूड म्हणजे खाजकुयली. ह्यांचा बनियन मी अजाणता सगळ्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं, नातू, आणि उशीचा अभ्रा बेनना उसना दिला होता म्हणून बेनसुद्धा, सगळे खाजवतोय! तेव्हापासून कामाचे कपडे वेगळे, तोंडाला मास्क, घासायचं ते पाणी मारून. घासण्यात मात्र भाईंचा हात धरणारा नाही. जाड कागदापासून बारीक कागदापर्यंत असे उतरत गेले की शेवटच्या थराला हात लावून बघा, चिनी मातीची बशी. वर डोळ्याला भिंग लावून एकेक फोड शोधायचे. बोटीला भिंग!

का पण, असं विचारताय ना? तुम्ही २०१२ ला आलात इथे. २००६ तुम्ही बघितलं नाही. ऑगस्टची सात तारीख. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि रात्रीत शहर पाण्यात गेलं. ह्या गल्लीत छातीपर्यंत. आम्ही आणि भाई, मध्ये भिंत नावाला, दोन्ही घरं एकाच गच्चीवर. चार रात्री. आपली तापी हो, माहेरची. भुसावळला तिच्या काठी मी गौरी विसर्जन केलंय, तीच दारातून घोंघावत चालली होती. दुसऱ्या दिवशी बचाव-बोट आली, मोठ्या रस्त्यावरून. आम्ही बेनची लाल साडी हलवली, थाळ्या बडवल्या. गल्लीत ओढ होती, वर लोंबत्या तारा, हातगाड्या आडव्या. त्यांनी हात केला नि पुढे गेले. त्यांचंही चूक नाही. तेव्हा भाई हळूच म्हणाले, आपली एखादी होडी असती तर. बस्स, एवढंच. नऊ तारखेला राखी होती. भाईंची बहीण वराछ्याला अडकलेली. मी माझ्या साडीचा काठ फाडून बांधला त्यांना. तेव्हापासून दर वर्षी बांधते. म्हणून अर्धी बोट आमची आहे, ह्यांच्यामुळे नाही.

अजूनही पाऊस सुरू झाला की भाऊ फोन करतो, ताई, हातनूर धरणाचे एक्केचाळीस दरवाजे उघडले ग. की इकडे भाई उकाईची पातळी बघत बसतात.

ह्यांना आता वेगळंच भरलंय. म्हणतात, आपल्या शेजारच्या सिंगणपोरातलाच म्हणे तो लवजी वाडिया, १७३६ साली सुरतेहून मुंबईला गेला आणि त्याच्या घराण्याने इंग्रजांची जहाजं बांधली. १८१७ चं एक त्रिंकोमाली अजून इंग्लंडात तरंगतंय. मी म्हटलं, त्यांनी सागवानातून नवं बांधलं, तुम्ही भंगार घासताय. गप्प बसले थोडा वेळ.

माझ्या दोन अटी होत्या. लाइफ-जॅकेटं आधी, इंजिन नंतर. बडोद्याच्या हरणी तलावावर २०२४ मध्ये ती शाळेची मुलं गेली, बोटीत माणसं जास्त आणि जॅकेटं कमी. तो टीव्ही मी विसरलेले नाही. सहा जॅकेटं माळ्यावर आहेत. दुसरी अट, कागद. यंत्राची नाव म्हणजे नोंदणी लागते, २०२१ चा कायदाच आहे. अर्ज लिहायचं काम ह्यांच्याकडे, जिभेचा तेवढा तरी उपयोग. आणि पाण्यात दिवाळीनंतरच. तापीवरच्या कॉजवेवर पाण्याने सहा मीटर ओलांडले की रस्तासुद्धा बंद करतात, तिथे ह्यांची चौदा फुटी कुठे?

नाव? नावेचं नाव अजून ठरत नाहीये! भाई म्हणतात खोडियार मा, मगरीवर बसते, पाण्यात तिच्याशिवाय कोण. मी म्हणते मुक्ताई, ती तर तापीच्याच काठची. नातू म्हणतो मोनरोव्हिया राहू द्या, मित्र विचारतात. आषाढात तापीचा जन्मदिवस येईल, तोवर ठरवू म्हणतात.

आता एवढं सगळं झालं, वहिनी, पण इंजिन अजून चालवून बघितलेलं नाही. जुनंच मिळालंय, कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले. पण ते पाण्याशिवाय चालवता येत नाही. पोटात पाणी ओढणारं रबराचं चाक असतं, कोरडं फिरलं की मिनिटा-दोन मिनिटांत जळून जातं. खालचा भाग पाण्यात बुडवून चालवावं लागतं. म्हणजे उंच भांडं हवं. माझ्या बादल्यांची गत तुम्ही ऐकलीच.

तेव्हा ते पिंप घासून झालं ना, की उपडं घालू नका. रविवारी सकाळी ह्यांना पाठवते. थोडं तेल तरंगेल वर, ते मी स्वतः राखेने घासून देईन, देवाशप्पथ. आणि हो, झाकण तुमच्याकडेच ठेवा.