‘लाईट-पाणी धरून’ सांगणाऱ्या घरमालकास खुले पत्र

घरमालक साहेब,

सांगलीच्या विश्रामबागेतल्या तुमच्या फ्लॅटचं फोनवर ठरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “लाईट-पाणी धरून सगळं भाड्यातच. पोरींना कसली काळजी नाही.” त्या शब्दावर चार घरच्या आईबापांनी डिपॉझिट भरलं. एक घर जतचं, एक आटपाडीचं, दोन आमच्या माण तालुक्यातली. आज त्याच फ्लॅटचा मेन स्विच जिन्याखाली कुलपात असतो. रात्री अकराला पंखे बंद पडतात, तेही सांगलीच्या एप्रिलमध्ये. गिझर सकाळी अर्धा तास. आणि महिनाअखेरीला ‘जास्तीचा वापर’ म्हणून तुम्ही वेगळे पैसे मागता. मग भाड्यात धरलं होतं ते काय?

“खेड्यातल्या पोरींना लाईट-पाण्याची किंमत नसते,” असं तुम्ही माझ्या मुलीला तोंडावर ऐकवलंत. साहेब, माणदेशातल्या पोरीला पाण्याची किंमत शिकवायला निघालात? टँकर कधी येईल याचा नेम नसलेल्या गावात ती वाढली. आमच्याकडे भांडी विसळलेलं पाणी आजही झाडाच्या बुडाशी जातं. हे वाक्य तुम्ही परत घ्यायला हवं. पैशांचं मी नंतर बोलतो, हे आधी.

आता पैसे. तुमच्या इमारतीत चार फ्लॅट आणि मीटर एकच. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिटं सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ च्या पुढे आणखी महाग. समजा, प्रत्येक फ्लॅटने ९० युनिटं जाळली. चार वेगळे मीटर असते तर सगळी ३६० युनिटं स्वस्त दरात बसली असती. एका मीटरवर मात्र फक्त पहिली १०० त्या दरात, पुढची २०० दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेली ६० तिसऱ्या टप्प्यात जातात. म्हणजे बिल फुगतं ते पोरींच्या पंख्याने नव्हे, तुमच्या वायरिंगने. तीन जोडण्यांचा खर्च आणि दरमहाचा स्थिर आकार तुम्ही वाचवलात, आणि त्याची भरपाई शिकणाऱ्या मुलींकडून वसूल करता. याला लबाडी म्हणतात, आणि मी ती तशीच म्हणणार.

करार करू या म्हटलं तर तुम्ही टाळलंत. पावती मागितली तर “विश्वास नाही का?” विचारलंत. कागदच नाही म्हणजे आपण मोकळे, हा तुमचा हिशेब. तो चुकला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचं कलम ५५ वाचा. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं सिद्ध करायचं काम मालकाचं. मुली म्हणतात, लाईट-पाणी धरून. करा सिद्ध.

त्याच कायद्याचं कलम २९ भाडेकरूचं पाणी किंवा वीज सबळ कारणाशिवाय तोडायला मनाई करतं. आणि मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीजजोडणी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. कुलपाची किल्ली खिशात घालून फिरताना एवढं माहीत असू द्या.

मी साताऱ्यात वसतिगृहात राहून शिकलो, म्हणून हे जास्त लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथे सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्याही आधी भाऊरावांनी वसतिगृहाचं काम केलं ते तुमच्याच मिरज तालुक्यात, दुधगावला. तुम्ही दानधर्म करावा असं माझं म्हणणं नाही. तुमचा व्यवसाय आहे, ठरलेलं भाडं पूर्ण घ्या. पण विलिंग्डन आणि वालचंद या कॉलेजांमुळे ज्या विश्रामबागेत घरांना भाडेकरूंचा तोटा नाही, तिथे अभ्यासाच्या रात्री दिवा-पंखा बंद करून पैसे वाचवू नका.

आमच्या मागण्या अशा. ‘जास्तीचा वापर’ म्हणून घेतलेली रक्कम परत करा. दरमहाच्या भाड्याची पावती द्या. ठरलेल्या अटी लिहून करार नोंदवा. वीज परवडत नसेल तर पुढच्या वर्षापासून प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मीटर घ्या आणि भाडं तेवढं कमी करा. बिल मुली स्वतः भरतील, त्याला आमची कधीच ना नव्हती. मुलींना मधेच खोली सोडायला सांगू नका, परीक्षा तोंडावर आहे. बाकीच्या गोष्टींना दोन-चार दिवस लागतील हे मला समजतं. कुलूप मात्र आज रात्री अकराच्या आत निघालं पाहिजे.

माण तालुक्यातला एक बाप